सॉकेट नसलेला मदरबोर्ड

बंगलोर, १ ऑक्टोबर १९९१

ती. गजाननकाकांना कुमुदिनीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि काकूची शेव दोन्ही पोचली. शेव ऑफिसात दहा मिनिटं टिकली. इंदूरहून पुढचं पार्सल कधी येतंय, असं आता सगळे विचारतात.

सोबतच्या खोक्यात आमचा नवा मदरबोर्ड आहे. पाच महिने मी ह्याच्याच डिझाइनवर आहे. ह्यात प्रोसेसरला सॉकेट नाही, चिप सरळ बोर्डावर सोल्डर केलीय. साहेब म्हणतात, पुढे सगळे डेस्कटॉप असेच होणार.

आता काम. बाजारात जाण्याआधी कंपनीला बाहेरच्या मेकॅनिकचं सर्टिफिकेट लागतं की हा बोर्ड कुठेही दुरुस्त होतो. मी तुमचं नाव सांगितलंय. कागद पास झाला तर पुढच्या बोर्डाचं डिझाइन माझ्याकडे येईल. जे उघडता येत नाही ते घेऊ नये, हे तुमचं रेडिओच्या काळापासूनचं म्हणणं मला पाठ आहे. तेवढं ह्या खेपेला पोटात ठेवा आणि सोबतच्या कागदावर दोन ओळी लिहून द्या, बस्स.

भांडण असो नसो, माया तेवढीच राहू द्या.
तुमची कुमू


छत्रीबाग, इंदूर, २१ ऑक्टोबर १९९१

चि. कुमुदिनीस अ. आ.

आधी कबुली देतो, मग शिव्या. खंडेनवमीला नेहमीप्रमाणे पणजोबांची होळकरांच्या फौजेतली तलवार मांडली, शेजारी माझे स्क्रूड्रायव्हर, मीटर, सोल्डरिंग आयर्न आणि कौतुकानं तुझा बोर्ड. पोरीनं केलाय म्हणून काकूनं त्याला ओलं हळदकुंकू जरा सढळ हातानं लावलं, ते नेमकं चिपच्या पायांवर. दुसऱ्या दिवशी मी न बघता करंट दिला. फट्‌ आवाज झाला आणि चिप गेली. चूक काकूची नाही, माझी. पुसून घ्यायला हवा होता.

म्हटलं चला, परीक्षाच झाली. मागच्या खंडेनवमीला एका ऑफिसचा जुना बोर्ड असाच कुंकवानं गेला होता. सॉकेटमधली चिप उपसली, दुसरी बसवली, चहा निवायच्या आत मशीन चालू. तुझ्या चिपला शंभर पाय, एकेक केसाएवढा. सराफ्यातल्या तुकोजी सोनाराकडून भिंग आणि बारीक चिमटा मागून आणला. दोन दिवस मान मोडून बसलो. सत्तावीस पाय सुटले. अठ्ठाविसाव्याबरोबर खालची तांब्याची रेघच उखडून हातात आली. पूरा सत्यानास.

खरं सांगू बेटा, शिसारी आली. एवढीशी चिप जळली की अख्खा बोर्ड कचऱ्यात, हे काय डिझाइन आहे यार? पस्तीस वर्षं मी लोकांना सांगत आलोय, थांबा, फेकू नका, बघतो. आता हे दुरुस्त होतं असं मी कोणत्या तोंडानं लिहू? हात लावून पाहिलंय, होत नाही. कागद कोराच परत पाठवतोय.

काकू रोज डोळ्याला पदर लावते की पोरीचं नुकसान केलं. तिला दोन शब्द लिही.

राग आहे, त्याच्या दुप्पट लोभ आहे.
काका


बंगलोर, २८ ऑक्टोबर १९९१

ती. काकांना सा. न. वि. वि.

काकूला सांगा, तिच्यावर माझा मुळीच राग नाही. तुमच्यावर आहे.

साहेबांना घडलं तसं सांगितलं. ते खो खो हसले आणि मदरबोर्डाची पूजा कोण करतं म्हणून विचारलं. मग म्हणाले, सर्टिफिकेट राहू दे, त्याऐवजी मॅन्युअलमध्ये एक पान घालू: ह्या बोर्डाला दुरुस्तीची गरज नाही, बिघडल्यास संपूर्ण बदलावा. खाली डिझायनरची सही. म्हणजे माझी.

काका, आज प्रोसेसर सोल्डर झालाय, उद्या मेमरी होईल, परवा अख्खा कॉम्प्युटर एका चिपमध्ये बसेल. तेव्हा तुकोजींचा चिमटा काय उचलणार? मी सही केली नाही तर दुसरा कोणी करेल आणि पुढचा बोर्डही त्यालाच मिळेल. दोन दिवस ते पान टेबलावर पडलंय. तुमच्या हट्टाचा वीट आलाय आणि माझी मलाच किळस वाटते.

दिवाळीला येणं जमणार नाही. उत्तर दिलं नाहीत तरी चालेल, मला टाकू मात्र नका.
कुमू


इंदूर, ८ ऑक्टोबर १९९२

चि. कुमुदिनीस अ. आ.

अकरा महिने तू लिहिलं नाहीस, मीही नाही. दोघंही एकाच घराण्याचे. पुढचा बोर्ड तुझ्याकडे आल्याचं तुझ्या आईकडून कळलं. शाबास, हे मनापासून.

ऑगस्टात शाळेतले बाळकृष्ण मास्तर सायकलच्या कॅरिअरला कॉम्प्युटर बांधून दुकानात आले. उघडला तर आत तुझा बोर्ड, चिप जळलेली. मास्तर निवांत बसले होते, गजाननभिया आहेत म्हणजे होऊन जाईल म्हणत होते. मॅन्युअल चाळलं. शेवटच्या पानावर तुझी सही. मॅट्रिकच्या फॉर्मसाठी ती मीच तुझ्याकडून पाटीवर गिरवून घेतली होती, मी ओळखणार नाही?

पान मास्तरांना दाखवलं नाही. होत नाही, एवढंच म्हणालो. छी! पस्तीस वर्षांत असं गिऱ्हाईक कधी परत पाठवलं नव्हतं. मास्तर म्हणाले, आता हा नेऊन काय करू, आणि बोर्ड दुकानातच सोडून गेले.

मागच्या सालच्या धसक्यानं काकू माझ्या सामानाला हळदकुंकू लावत नाही, लांबूनच फूल वाहते. परवाच्या खंडेनवमीला मात्र तिनं तो बोर्ड आणून तलवारीशेजारी ठेवला. मी भडकलो, ही मेलेली वस्तू पूजेत कशाला म्हटलं. ती म्हणाली, कुमूच्या हातची आहे. मग ओलं हळदकुंकू कालवून तिनं चिपच्या चारी बाजूंना, शंभरच्या शंभर पायांवर, सावकाश लावलं. तुला कळवायला सांगितलंय की काळजी करू नकोस, ह्या वेळी तिच्या हातून काही बिघडलेलं नाही.

तुला टाकलेलं नाही.
काका