खालच्या ओढ्याचं खरं नाव

वस्तीवरून, ता. अकोले

तीर्थरूप भीमाआत्या,

तुझ्या धनश्रीचा वाकून नमस्कार. (फोनवर तू "हॅलो, हॅलो" करतेस आणि मधेच शेजारणीशी बोलायला लागतेस, म्हणून हे पत्र.) गुडघे कसे आहेत? तेल लावतेस की नुसती बाटलीकडे बघत बसतेस? इकडे भाताची आवणी उरकली, सगळे खुशाल आहेत. माझं डोकं मात्र एका ओढ्यात अडकलंय.

झालं असं, की गावच्या ओढ्यांवर नव्या मोऱ्या बांधल्या आणि प्रत्येक मोरीवर ओढ्याच्या नावाची पाटी लागायचीय. नावं आणि त्यांचे अर्थ गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. (सून एम.ए. झालेली असली की गावाला असली कामं सुचतात.) वाघओहोळाचा अर्थ कुणी सांगायला नको. न्हाणीच्या ओढ्यात म्हणे सीतामाई न्हाल्या. आत्या, सीतामाई न्हाल्या नाहीत असं पाणी मला या तालुक्यात अजून सापडायचंय! राहिला आमच्या वस्तीचा 'खालचा ओढा'. हे काय नाव झालं? तेवढ्यात मेंबर आप्पासाहेबांनी स्वतःच्या वडिलांचं नाव पुढं केलं. वडील भले गृहस्थ असतील, पण त्या ओढ्याशी त्यांचा संबंध एवढाच, की एकदा वरातीत ते त्यात पडले होते. मी म्हटलं, खरं नाव शोधल्याशिवाय राहायची नाही.

आजेसासूबाईंना, म्हणजे साळूबाईंना, विचारलं तर तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "हाय की नाव. पर माज्या तोंडून न्हाई येनार." मी शेळ्यांमागं गेले, चुलीपाशी बसले, पिच्छाच सोडला नाही. शेवटी त्यांनी माझ्या मंगळसूत्राकडं बोट केलं. "त्येच्याच नावाचं बांधलंय की गळ्यात!" मग उलगडलं. वरच्या झऱ्यातला गाळ आजेसासरे दर उन्हाळ्यात एकटे उपसायचे, म्हणून ओढा वाहता राहायचा, म्हणून त्याला त्यांचंच नाव पडलं. पण सगळी वस्ती एका भावकीची. इथल्या प्रत्येक बाईचे ते कोण? नवरा, नाहीतर सासरे, नाहीतर थोरले दीर. नाव घेणार कोण? पोरं बोलायला शिकतात आयांकडून, आणि आया म्हणायच्या 'खालचा ओढा'. आमच्या ह्यांना आजोबांचंच नाव ठेवलं, पण आजीची पंचाईत नको म्हणून वस्तीभर हाक मारतात 'बाबू'. आजोबा गेल्यापासून ते नाव इथं कुणी मोठ्यानं उच्चारलेलंच नाही. "मरायच्या आत एकदा कानावर पडू दे गं," आजी म्हणाल्या.

सोमवारी ग्रामसभा आहे. तिथं उभं राहून, तोंडानं नाव सुचवायचं असतं. कुणी सुचवलं नाही की आप्पासाहेबांची पाटी लागलीच समज. हे उठायला तयार नाहीत. (लोक म्हणतील, पठ्ठ्यानं स्वतःच्याच नावाचा ओढा काढला!) चुलत सासरे म्हणतात, आप्पासाहेबांशी वाकडं कशाला घ्यायचं. ठीक आहे, मग मीच सुचवणार. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही असली जुनाट थेरं मी मानत नाही, हे तुला माहीत आहेच. खणखणीत आवाजात बोलणार आणि पाटी लावून घेणार. बाकी काय लिहू? गुडघ्यांना जप.

तुझी लाडकी,
धनश्री

ता. क. – काल गोठ्यात म्हशीपुढं तालीम केली. तोंड उघडलं आणि 'अहो' एवढंच बाहेर पडलं. म्हैस वळून बघायला लागली.

आणखी एक – हे आजींना सांगितलं तर म्हणतात, "उखाण्यात घ्येतलं तर चालतंय की! मीच उठते सभंत." पण लग्नातला उखाणा त्या विसरल्यात. तुमच्या देवळालीत तुझ्या उखाण्याशिवाय कुठल्या नव्या नवरीनं उंबरा ओलांडलाय? तेव्हा झरा, गाळ, ओढा असं सगळं बसवून एक फर्मास उखाणा धाड. पत्र आणणाऱ्या भाजीच्या टेम्पोवाल्याला थांबवून घे, त्याच्याच हाती दे. नाव मी पत्रात कुठंच लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. माझी लग्नपत्रिका काढून बघ.

आणि हो, उखाणे दोन धाड. आजींचा आवाज ऐन वेळी फुटला नाही, तर मी उठणार आहे.