अम्मांची खाट आणि सातव्या प्रकरणातली चौकट

सोमवार, ४ ऑगस्ट
सातवं प्रकरण सकाळी पाठवलं. पृथ्वीचं चुंबकत्व. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं सगळ्यात चिवट प्रकरण, तरी मुदतीच्या आत गेलं. पेपरात आयुष्य काढल्यावर मुदत हाडात बसते.

पुण्याहून केतकीचा फोन. संपादक, माझ्या मुलीच्या वयाची. आकृतीबद्दल. चित्रकाराने पृथ्वी कापून दाखवलीय, भूकवच कलिंगडाच्या सालीएवढं जाड. म्हटलं, या आकाराच्या चित्रात कवच म्हणजे बाहेरची रेघ. तेवढंच. आणि त्याखालचं प्रावरण लाल रश्श्यासारखं रंगवू नका, तो घन खडक आहे. वितळलेलं लोखंड त्याच्याही खाली, बाह्य गाभ्यात.
"मॅडम, पण मग मुलांना दिसणार काय?"
"आहे ते."
ती हसली. मी नाही.

दुपारी अम्मांना पुसून घेतलं. सासूबाईंची डावी बाजू अजून लुळीच, पण उजवा हात पक्का. पाणी स्वतः घेतात, घंटी स्वतः वाजवतात. खाटेची जागा छान जमलीय. पूर्वेची भिंत लुळ्या बाजूला, त्यामुळे पडायची भीती नाही. उजवीकडे मोकळं, तिथे स्टूल. पायांकडे खिडकी, खिडकीत शेजाऱ्यांचा शेवगा. चेन्नईत, वेस्ट मांबलमच्या फ्लॅटात याहून काय मिळणार. समोरच्या बाजूला भिंतीतलं कपाट नि न्हाणीचं दार, म्हणजे दुसरी जागाच नाही.

बुधवार, ६ ऑगस्ट
अण्णा आले. मुरलीचे, माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, तांबरमला असतात. चपला काढायच्या आधी खाटेकडे बोट.
"सुमा, अम्माचं डोकं वडक्कुला? उत्तरेला? कोणी सांगितलं असं ठेवायला?"
"खोलीने."
"थट्टा नको. भूमीचं मॅग्नेट आहे. रक्तात लोखंड आहे. उत्तरेकडून ओढतं. त्यानेच बरं वाटत नाही तिला."

शांतपणे सांगितलं. रक्तातलं लोह म्हणजे खिळे नव्हेत, चुंबकाकडे धावत नाही. अम्मांना झटका आला तेव्हा एमआरआय केला. त्या नळकांड्यातलं क्षेत्र पृथ्वीच्या हजारो पट. रक्त ओढलं जायचं असतं तर त्या तिथेच संपल्या असत्या. आणि लोक म्हणतात तसं डोकं म्हणजे उत्तर ध्रुव, म्हणून उत्तरेशी पटत नाही, असं धरलं तरी घोळ. होकायंत्राच्या सुईचं उत्तर टोक उत्तरेकडे खेचलं जातं, म्हणजे तिकडे चुंबकाचा दक्षिण ध्रुव आहे. मग डोकं तिकडे सुखात राहायला हवं.
"ते मशीन वेगळं, भूमी वेगळी," अण्णा.
अम्मा मधेच: "ते मशीन काय ठणठण करत होतं, अय्यो! ही उत्तर दिशा तरी गप आहे की."
आम्ही तिघं हसलो. मला वाटलं, विषय मिटला.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
केतकी. "मॅडम, सातव्यात एक छोटी चौकट हवीय. परंपरा आणि विज्ञान अशी. उत्तरेला डोकं करून का झोपू नये, त्यामागचं शास्त्र."
"शास्त्र नाही त्यात."
"शाळांना असं आवडतं. वरून आलंय."
"वरून म्हणजे? आयनांबरातून, हवेच्या वरच्या थरातून?"
"बघते मी."

नाही म्हणून लेखी कळवलं. राग आला, पण कामाचा राग. पृथ्वीच्या पोटात लोखंड खदखदतंय, फिरतंय, त्यातून एक अदृश्य छत्री उभी राहते, सूर्याकडून येणारा कणांचा मारा वळवते. मंगळाची छत्री गेली आणि पाठोपाठ बहुधा त्यामुळेच बरीचशी हवाही गेली. इथे चेन्नईत होकायंत्राची सुई जवळजवळ आडवी राहते, कारण चुंबकीय विषुववृत्त जवळ, खाली तमिळनाडूच्या टोकाकडे. एवढं सगळं हाताशी असताना यांना काय हवं? उशी कुठे ठेवायची.

रविवार, १० ऑगस्ट
छापली.

पुस्तकाची जाहिरात म्हणून सातव्या प्रकरणातला उतारा तिकडच्या एका रविवार पुरवणीत. वर माझं नाव. मधोमध चौकट, पिवळ्या रंगात, ठळक टायपात: 'उत्तरेकडे डोके का नको? पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा रक्ताभिसरणावर विपरीत परिणाम होतो, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते.' माझं एकही अक्षर नाही त्यात.

चौकट संपादकीय डेस्क करतं आणि चौकटीला नाव लागत नाही. आमच्या धंद्यातली रीतच. धंद्यातल्यांना ते माहीत असतं, वाचणाऱ्याला कसं असणार? पानावर एक नाव, म्हणजे पान तिचं.

केतकीला फोन. उचलला नाही. नंतर मेसेज: 'सॉरी मॅडम, वरच्या पातळीवर ठरलं. प्रतिसाद खूप छान आहे.'

आणि मुरलीने मी बघायच्या आत पान घरच्या ग्रुपवर टाकलं. 'माझ्या बायकोचा लेख' म्हणून. अभिमानाने. त्याच्यावर ओरडता येईना, म्हणून जास्तच राग. खाली अंगठे, फुलं, हात जोडलेले. अण्णांचा नुसता एक शब्द: 'सूपर.'


मंगळवार, १२ ऑगस्ट
टी. नगरला चष्मा आणायला गेले होते. परत आले तर खाट फिरवलेली. डोकं दक्षिणेला. अण्णा नि मुरली दोघं खुर्चीत, कॉफी पीत.
"कोणी फिरवली?"
मुरली कपात बघत.
अण्णा: "तूच सांगितलंस की गो. पेपरात."
फोन पुढे केला, पिवळी चौकट मोठी करून. आणि वाचून दाखवली. बोट ठेवून, अक्षर अक्षर जोडत. पिढ्यान्‌पिढ्या तमिळनाडूत राहूनही या घरात मराठी बोलतात, पण वाचायला शिकले ते तमिळ आणि इंग्रजी. माझा अख्खा उतारा त्यांना पेलला नाही. चौकट छोटी, टाइप मोठा. तेवढीच वाचली.
"तेवढं माझं नाही, अण्णा. बाकी सगळं माझं आहे."
"नाव कुणाचं आहे?"

काय सांगू? डेस्क, पानं, जाहिरात... माझं मलाच लंगडं वाटलं.

आवाज चढला माझा. लग्नानंतर या घरात पहिल्यांदा. म्हटलं, डोळे उघडून बघा, आता त्यांचा चांगला हात भिंतीकडे आलाय. लुळी बाजू मोकळी, स्टूल लुळ्या हाताशी. खिडकी डोक्यामागे. मुरली म्हणाला, "अरे, हो की." अरे हो की! खाट उचलताना हात कुठे आणि भिंत कुठे, एवढंही दिसलं नाही दोघांना.

अण्णा खाली बघून म्हणाले, "प्रेताला उत्तरेला डोकं करून ठेवतात, सुमा. मला बघवत नव्हतं." हे आधीच सांगितलं असतं तर मी काही बोलले नसते, बसून दोघांनी तोड काढली असती. भीतीला भीती म्हणा. तिला माझ्या नावाचं शास्त्र कशाला चिकटवता?

खाट परत फिरवायला घेतली. तर अम्मांनीच माझं मनगट धरलं.
"वेंडाम गो. नको. राहू दे."
"अम्मा, परवा तुम्हीच हसलात ना?"
"तेव्हा अण्णा सांगत होता. आता तू लिव्हलीस की. तू खोटं लिव्हत नाहीस."

गुरुवार, १४ ऑगस्ट
अम्मा पडल्या.

सकाळी. मी स्वयंपाकघरात, मुरली आंघोळीला. पाणी हवं होतं. उजवा हात भिंतीवर आपटत राहिला, बोटांची सालं निघालीत. मग वळून डावीकडचा पेला घ्यायला गेल्या, आणि सगळं अंगच त्या बाजूला गेलं. घंटी वाजली ती त्यांच्यासकट खाली पडल्यावर.

डावं मनगट मोडलं. प्लास्टर. डॉक्टरांनी विचारलं, किती दुखतंय? तर म्हणाल्या, "कुठं?" त्या हाताचं त्यांना काही कळतच नाही. हात मोडला तोही एक्स-रे बघून कळला.

अण्णा दवाखान्यात आले. डोळे लाल. आणि तरी म्हणाले, "इतके महिने उत्तरेला होती. ते एकदम उतरत नाही."
मी बाहेर जाऊन जिन्यात उभी राहिले. आत थांबले असते तर...

शनिवार, १६ ऑगस्ट
केतकीच्या वरच्यांशी बोलले. गोड माणूस. "ताई, भावना समजतो. पण पुस्तकाची पानं लागून छपाईला तयार आहेत. पुढच्या आवृत्तीत बघू."
"पुढच्या नाही, याच. चौकट काढा, नाहीतर माझं नाव काढा. आणि त्या पुरवणीत खुलासा हवा."
"खुलासा म्हणजे फार होतं. इतक्या छोट्या गोष्टीला?"
मनगटाचा एक्स-रे पाठवला त्यांना. खाली एकच ओळ: 'ही छोटी गोष्ट.'

पुरवणीच्या संपादकाला मेल. जुन्या ओळखीचा आधार घेतला नाही, साधं चार ओळींत लिहिलं: चौकटीतला मजकूर लेखिकेचा नाही. तो चुकीचा आहे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे झोपलेल्या माणसाच्या रक्ताभिसरणावर असा परिणाम होतो, याला आधार नाही. खाट सोयीने ठेवावी.

शेवटचं वाक्य कापतील. कापू देत, पण पहिली तीन हवीत.

दुपारी केतकीचा फोन, ऑफिसबाहेरून. रडवेली. "मॅडम, चौकट मीच लिहिली. आजीला विचारून." म्हटलं, आजीला नमस्कार सांग, आणि पुढच्या वेळी मला विचार. फोन ठेवल्यावर पुन्हा राग आला. तिच्यावर नाही. मग कुणावर, ते नीट सांगता येत नाही, म्हणून तो जातही नाही.

मंगळवार, १९ ऑगस्ट
सकाळी ड्रिल मागून आणलं, पूर्वेच्या भिंतीत दोन भोकं पाडली, फळी बसवली. त्यावर पेला, घंटी. डाव्या मोकळ्या बाजूला दोन खुर्च्या, पाठी खाटेला लावून, दोरीने बांधल्या. खिडकी मागेच राहिली. तिला काही करता आलं नाही. मुरली म्हणाला, "मी धरतो ना ड्रिल." दिलं नाही. सिमेंट उडालं तोंडावर, बरं वाटलं.

पुरवणीकडून मेल: विचाराधीन आहे. प्रकाशकाकडून काही नाही.

दुपारी चार ओळींचा खुलासा अम्मांना वाचून दाखवला. डोळे मिटून ऐकलं. मग फोनसाठी हात पुढे. चार ओळी चाचपून बघाव्यात तशा बघितल्या. वाचता येत नाही त्यांना.
"हे छापून आलं?"
"नाही अजून."
"कधी?"
"माहीत नाही, अम्मा. पण खरं आहे. मी सांगतेय ना."
"सांगणं वेगळं, सुमा. छापून येऊ दे. मग फिरव."

मग म्हणाल्या, शेवग्याला शेंगा धरल्यात का, बघून सांग. खिडकीशी गेले. धरल्यात. सांगितलं. किती लांब, तेही विचारलं.