कॅरव्हॅनची निरवानिरव

मी, उर्मिला प्रल्हाद चौबळ, वय वर्षे अडुसष्ट, धर्म हिंदू, भारतीय नागरिक, मूळ राहणार ठाणे, सध्या राहणार अल नुऐमिया, अजमान, संयुक्त अरब अमिराती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने मराठीत लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, चष्मा नवीन आहे आणि माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणू शकेल असा एकच मुलगा आहे आणि तो या क्षणी दुबईत जुमेरा लेक टॉवर्सला ऑफिसात आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. वकीलबाई याचे इंग्रजी आणि अरबी करून घेणार आहेत. त्यांना विनंती, की करताना माझी वाक्ये गाळू नयेत.

१. ठाण्याचा फ्लॅट मुलगा सुजीत याला. बँकेतल्या ठेवी निम्म्या सुजीतला, निम्म्या नात ईशानीच्या शिक्षणाला. दागिने सून शुभ्रा हिला. यावर वाद होणार नाही, म्हणून अधिक लिहीत नाही.

२. पुस्तके. माझी शाळा सातवीनंतर सुटली. पुढचे जे वाचले ते मिळेल तसे, भाजी शिजेपर्यंतच्या वेळात. सर्व पुस्तके इथल्या मराठी मंडळींना द्यावीत. काचेच्या कपाटात कुलूप घालून ठेवणार असतील तर देऊ नयेत.

३. सूर्यकांत भावजी, म्हणजे माझ्या यजमानांचे चुलतभाऊ, आमच्या चार घडीच्या खुर्च्या एका पिकनिकला घेऊन गेले ते गेलेच. वर आमच्या कॅरव्हॅनला सर्वांसमोर "भंगार" म्हणाले. त्या खुर्च्या मी त्यांना या मृत्युपत्राने देत आहे, म्हणजे निदान आता तरी त्या त्यांच्या होतील.

४. आता कॅरव्हॅन. गाडीमागे जोडून न्यायची ही पांढरी खोली माझ्या नावावर आहे. माझे पती प्रल्हाद यांना ती दुबईत रास अल खोरला एका गोदामामागे दिसली. कोणी गोरे कुटुंब देश सोडताना तिथेच टाकून गेले होते. टायर उन्हाने तडकलेले, आत कबुतरांचा संसार, आणि पाय ठेवला की खालचे प्लायवूड भिजल्या बिस्किटासारखे दबायचे. हे तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. दार उघडून आत डोकावले आणि म्हणाले, "उर्मिला, किचन आहे गं याच्यात!" तेव्हाच मी ओळखले, की ही आता आपल्या गळ्यात.

काम जवळच हमीदच्या वर्कशॉपमध्ये सुरू झाले. हमीद मूळचा पेशावरचा, ट्रकच्या बॉड्या बांधतो. कॅरव्हॅनच्या खणात तिची जुनी इंग्रजी पुस्तिका मिळाली. माझे इंग्रजी दुकानांच्या पाट्या आणि ईशानीची पुस्तके वाचून झालेले, तरी डिक्शनरी घेऊन मी ती वाचून काढली. जड सामान चाकांच्या वर ठेवावे, मागच्या टोकाला ठेवू नये, असे त्यात चित्रासकट होते. आणि यांनी नेमका मागच्या टोकाला काळ्या ग्रॅनाइटचा ओटा बसवायला काढला.

"अहो, पुस्तिकेत लिहिलंय..."

"त्यांना काय, ब्रेड भाजला की झालं. पोळ्या लाटायला ओटा नको?"

हमीद म्हणाला, "भाईसाब, ये गाडी है, मकान नहीं."

"हबीबी, ओटा नाही तर स्वयंपाकघर कसलं?" यांनी त्याला मराठीतच सुनावले.

पहिल्याच फेरीत, हमरस्त्यावर वेग घेताच, कॅरव्हॅन मागे शेपटीसारखी हलू लागली. गाडी सुजीत चालवत होता. त्याने कशीबशी कडेला घेतली. "बाबा, खलास. मी परत हिला हात लावणार नाही," म्हणाला. त्याने शब्द पाळला आहे. आजवर तो तिच्यात एकदाही झोपलेला नाही.

ओट्याचे काय करायचे हे ठरायच्या आत हे गेले. हृदयविकाराने, घरीच, चहा घेऊन झाल्यावर. गळते म्हणून कॅरव्हॅनचे छत तेव्हा उघडलेले होते. लोक भेटायला येत होते आणि माझ्या मनात एकच, की आत धूळ जाते आहे. तेरावे झाल्यावर मी वर्कशॉपला गेले. हमीदने खुर्ची दिली. "भाभी, ओटे का क्या करना है? आप बोलें तो रहने दूँ." मी ओट्यावरून हात फिरवला. त्याच्या कडा यांनी स्वतः घासून गोल केल्या होत्या. मग मी म्हणाले, "निकालो."

त्यानंतर छत बंद केले, जमीन नवी घातली. गाद्यांची कव्हरे मी शिवली, खिडक्यांचे रबर मी बसवले. काम करता करता रडता येते आणि कामही बिघडत नाही, हे मला तिथे कळले. आता दर हिवाळ्यात शुभ्रा, ईशानी आणि मी वाळवंटात जातो. कॅरव्हॅन मागे घेताना स्टिअरिंग उलटे फिरवावे लागते, ते शुभ्राला जमते. सकाळी दार उघडून चहा टाकते तेव्हा यांची आठवण येते, आणि मी सुखात असते. दोन्ही खरे आहे.

५. गेल्या महिन्यात सुजीतने यहया नावाच्या गृहस्थांना आणले. त्यांना कॅरव्हॅनमध्ये कडक चहाचा स्टॉल काढायचा आहे. बाजूने मोठी खिडकी कापायची, आतले पलंग काढायचे. माणूस भला आहे. मी नाही म्हटले.

"आई, प्रॅक्टिकल हो. तुझ्यानंतर कोण वापरणार? उभी राहून सडेल."

"अरे, सडलेलीच होती, म्हणून तर आपल्याला मिळाली."

"आजी, यू आर सो सॅव्हेज," ईशानी म्हणाली. सुजीत हसला नाही. तेव्हापासून तो फोनवर जेवलीस का, एवढेच विचारतो.

६. ड्रिल, पाने, रिव्हेटची बंदूक हमीदला. त्याला मी साक्षीदार करणार होते, पण ज्याला काही मिळते त्याने साक्ष न केलेली बरी, असे वकीलबाई म्हणाल्या. मी हमीदला विचारले, "दस्तखत करोगे या ड्रिल लोगे?" "भाभी, ड्रिल," तो लगेच म्हणाला.

७. माझे दहन इथेच करावे. विमानाने नेण्याचा खटाटोप नको. मृत्युपत्राची अंमलबजावणी शुभ्राने करावी.

८. कॅरव्हॅन मी सुजीतला देते. शुभ्राला द्यावी असे मनात होते, आणि तिलाही ते ठाऊक आहे. पण तिला ती काय आहे हे माहीत आहे, सुजीतला नाही. अट अशी, की त्याने एक हिवाळा ती वापरावी. स्वतः ओढून न्यावी, आत झोपावे, सकाळी चहा स्वतः करावा. ओटा काढल्यापासून ती शेपटीसारखी हलत नाही, त्याने भिऊ नये. बाबांची आठवण म्हणूनही हे करू नये. आठवण म्हणून वस्तू जपणारी माणसे मी पाहिली आहेत, ती वस्तूवर चादर घालून ठेवतात. ही मी झोपण्यासाठी दुरुस्त केली.

हिवाळा संपल्यावर विकावीशी वाटली तर खुशाल विकावी. यहयांनी हवी तेवढी मोठी खिडकी कापावी. माझी हरकत राहणार नाही.

हे सर्व मी वाचून पाहिले. मला जे म्हणायचे होते तेच आहे.

सही: उर्मिला प्रल्हाद चौबळ

आमच्यासमोर उर्मिलाताईंनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही:
१. अनुपमा टिपणीस, शेजारीण
२. निखिल टिपणीस, तिचे यजमान

स्थळ: अजमान
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५