बसच्या पाठीवरचं वाक्य

३ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. लेखकाला शिस्त हवी. मी मुळात लेखक. जाहिरातींचं काम तात्पुरतं आहे (अकरा वर्षं झाली, पण तरी).
घरं गरम ठेवणाऱ्या 'झिलुबेक' बॉयलरसाठी ओळ हवी होती. मी दिली, 'उबेची नवी व्याख्या'. आमच्या बॉस इन्ना बोरिसोव्ना यांनी विचारलं, सामात, जुनी काय होती? दिवसभर मूड नाही.

६ नोव्हेंबर
'आता थंडीला सुट्टी.' क्लायंट म्हणाला, हे आइस्क्रीमचं वाटतं. त्याला आइस्क्रीम कळत नाही आणि बॉयलरही. इन्ना बोरिसोव्ना म्हणाल्या, सोमवारपर्यंत ओळ आली नाही तर काम बाहेर देईन. अशा दडपणात कला जन्मत नाही.

९ नोव्हेंबर, सोमवार
जन्मली! मीटिंगमध्ये, आपोआप.
'तुम्ही झोपा. मी जागी आहे.'
इन्ना बोरिसोव्नांनी चष्मा काढून डोळे पुसले. त्या डोळे पुसतात हेच मला माहीत नव्हतं. क्लायंटने फोनवरच होकार दिला. चित्रात पांढरा रुमाल बांधलेली म्हातारी, शेजारी बॉयलर. संध्याकाळी केक कापला. चांगला होता.

१० नोव्हेंबर
नोंद पूर्ण असावी म्हणून लिहितो. ओळ तशी बुरुल-आपांची आहे. माझ्या लहानपणच्या मित्राच्या, एर्मेकच्या आईची. माझी आई कापड गिरणीत रात्रपाळीला असायची, तेव्हा मी त्यांच्याकडे झोपायचो. घरात कोळशाची भट्टी. धूर कोंडला तर माणसं झोपेतच जातात, गल्लीत एक घर गेलंच होतं तसं. म्हणून आपा मोजे विणत बसून राहायच्या आणि आम्हाला म्हणायच्या, तुम्ही झोपा, मी जागी आहे.
पण अशी वाक्यं हजारो आया म्हणत असतील. आणि आपा जाऊन वर्ष होत आलं, विचारणार कुणाला? एर्मेकला अर्थात सांगायला हवं. शनिवारी सांगतो.

१४ नोव्हेंबर
गेलो होतो. झिबेकवहिनींनी खिमा भरून वाफवलेल्या मंती केल्या होत्या. चौदा खाल्ल्या. एर्मेक म्हणाला, आई गेल्यापासून पोरींना झोपवताना मी तिचंच वाक्य म्हणतो, त्याशिवाय डोळे मिटत नाहीत कार्ट्या.
सांगितलं नाही. तसं वातावरण नव्हतं.

२० नोव्हेंबर
संकट. मीडिया बघणारा अस्कात म्हणाला, मोठ्या रस्त्यावर पाच होर्डिंग घेतोय. तो सात नंबरच्या बसचा रस्ता. सात नंबर एर्मेक चालवतो. दिवसभर तेच बघत बसेल.
डोकं चालवलं. मीटिंगमध्ये म्हटलं, होर्डिंग जागेवर उभं राहतं, आई घरभर फिरते, आपली जाहिरात बसच्या पाठीवर हवी. टाळ्या. क्लायंट चिक्कू, म्हणाला आधी एकाच बसवर करून बघू. एकाच! एवढ्या मोठ्या बिश्केकमध्ये एक बस! अस्कातला बाजूला घेऊन सांगितलं, सात नंबर सोडून कुठलीही.
कधीकधी वाटतं, मी या शहरात वाया जातोय.

१ डिसेंबर
एर्मेकचा फोन. आनंदात होता. त्याची जुनी बस बिघडली, डेपोने दुसऱ्या मार्गावरची नवी दिली. हीटर चालतो रे, म्हणाला, पाय गरम राहतात. मी विचारलं, मागे काही चिकटवलंय का? म्हणाला, आहे काहीतरी रंगीबेरंगी, दह्या-बिह्याची जाहिरात असेल, सगळा चिखल बसलाय त्यावर, कोण बघतंय.
जेवण गेलं नाही.
मग शांतपणे विचार केला. ड्रायव्हरला जगात एकच गोष्ट दिसत नाही, स्वतःच्या बसची पाठ. म्हणजे ही सगळ्यात सुरक्षित जागा. शिवाय चिखल. या वर्षी बर्फ लवकर पडलं, रस्ते घाण आहेत. देवाची कृपा.

६ डिसेंबर
डेपोत गेलो. एर्मेकला सुचवलं, बस भिंतीकडे पाठ करून लावत जा, इंजिनाला ऊब राहते. तो पोट धरून हसला. म्हणाला, काय रे, इंजिनांच्या जाहिराती लिहायला लागलास का?
आज नक्की सांगणार होतो. पण तो इतका हसत होता.

१२ डिसेंबर
बोनस मिळाला. वीस तारखेला आपांच्या पहिल्या वर्षाचं जेवण आहे, त्यासाठी बोनसमधून चांगला मेंढा घेऊन दिला. म्हणजे ओळीची कमाई ओळीच्या मालकिणीकडे पोचली. आता मन स्वच्छ आहे.
एर्मेकने मिठी मारली. म्हणाला, तू नसतास तर मी एकटाच पडलो असतो.
मेंढा आणखी मोठा घ्यायला हवा होता.

२० डिसेंबर
नीट लिहितो.
जेवण शहराबाहेर, एर्मेकच्या घरी. नारिनहून नातेवाईक आले. त्यांना बसस्थानकावरून आणायला डेपोने एर्मेकला बस दिली होती. पाहुणे येणार म्हणून त्याने ती पहाटेच्या अंधारात मशिनखाली घालून धुऊन घेतली. मला कुणी सांगितलं नाही. मला कुणी काही सांगतच नाही.
अंगणात मोठी कढई. मी तळलेल्या बोर्सोकची परात धरून उभा. बस आली. सगळे उतरले, पण आत येईनात. बसच्या मागे घोळका करून उभे राहिले. एर्मेकचे थोरले मामा, नव्वदीच्या घरातले, टोपी काढून रडत होते. मग एर्मेकला जवळ घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, माझ्या बहिणीचं वाक्य शहरभर फिरवतोयस, तिचं चित्रसुद्धा काढून घेतलंस, असा मुलगा सगळ्यांना मिळो. बायका हुंदके देऊ लागल्या. एक आत्या चित्रातल्या म्हातारीच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, हुबेहूब बुरुल. हुबेहूब वगैरे काही नव्हतं. आमच्या आर्टिस्टने ती म्हातारी कुठूनशी उचललीय.
एर्मेक मागे गेला. वाचलं. वरचं वाचलं, मग खालचं, बॉयलरचं नाव आणि फोन नंबर. मामांना वाचता येत नव्हतं असं नाही, खालच्या बारीक अक्षरांसाठी चष्मा आणला नव्हता एवढंच.
एर्मेकने मामांच्या डोक्यावर टोपी परत घातली. मामांना म्हणाला, आत चला, मांस गार होतंय. दिवसभर लोक त्याला आशीर्वाद देत होते आणि तो मान खाली घालून घेत होता.
मी भांडी घासली. कुणी सांगितलं नव्हतं. कढईसुद्धा घासली.

२१ डिसेंबर
एर्मेकने विचारलं, हे तुमच्या ऑफिसचं काम ना रे? मी म्हटलं, बहुतेक दुसऱ्या टीमचं, मी सुट्टीवर होतो. हे वाक्य मला आयुष्यात सगळ्यात पटकन सुचलं असेल.
तो म्हणाला, मला माहीत होतं तू असं करणार नाहीस. तुमच्या साहेबांना भेटायचंय. भांडायला नाही. कुणी लिहिलं आणि त्याला ते कुठून मिळालं, एवढंच विचारायचंय. तू सोबत ये, मला त्या लोकांशी बोलता येत नाही.
हो म्हटलं. त्याच्या बाजूने खंबीरपणे उभं राहायचं ठरवलंय.

२३ डिसेंबर
इन्ना बोरिसोव्नांना आधी सांगून ठेवणार होतो. त्या सकाळभर फोनवर.
एर्मेक लग्नातला सूट घालून आला. त्याला चहा दिला, मिठाई दिली. तो म्हणाला, बाई, बसवरची ती ओळ कुणाची? त्यांना वाटलं, कौतुक करायला आलाय. हसून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, आमच्या सामातची! एका सेकंदात सुचली त्याला, आम्ही सगळे रडलो.
एर्मेकने माझ्याकडे बघितलं. मी चहाकडे.
तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने चहा संपवला, कप बशीत नीट ठेवला, बाईंना धन्यवाद म्हणाला. दारात थांबून मला म्हणाला, मागितलं असतंस तर दिलं असतं ना रे, वेड्या.
लिफ्ट बंद होती. पाच मजल्यांवर त्याचे बूट ऐकू येत होते. मागे जाणार होतो. पण क्लायंटचा फोन आला.

१० जानेवारी
माफीचा मेसेज लिहितोय. पहिला मसुदा भावुक झाला. दुसऱ्यात शेवट जोरदार आहे, पण सुरुवात पडते. तिसरा मस्त जमला, इतका की अस्कातला वाचून दाखवला. तो म्हणाला, बँकेच्या जाहिरातीला चालेल.
पाठवला नाही.

१९ जानेवारी
इन्ना बोरिसोव्नांना स्पष्ट सांगितलं की ओळ मागे घ्या, ती माझी नाही. (स्पष्ट म्हणजे लिफ्टमध्ये, घाईत.) त्या म्हणाल्या, फार विनयशील आहेस. क्लायंट खूश आहे, आता रेडिओवर घेतोय, चालही बांधली. माझा पगार वाढवताहेत.
राजीनामा द्यायचा ठरवलं. मार्चनंतर. हीटिंगचा सीझन संपू दे.

८ फेब्रुवारी
एर्मेकचा फोन आला! स्वतःहून! ऑफिसच्या जिन्यात उभा राहून घेतला. पाठ केलेली माफी तयार होती. तो म्हणाला, सामात, माझं ड्रिल मशीन तुझ्याकडे आहे, उन्हाळ्यात नेलेलं, शेल्फ लावायचंय.
पुसून नेलं. बिट्स क्रमाने लावले. वाटेत केक घेतला, मग तो लाच वाटेल म्हणून बसमध्ये निम्मा खाल्ला, मग अर्धा केक कसा द्यायचा म्हणून उरलेलाही.
एर्मेकने दारातच मशीन घेतलं. आत ये म्हणाला नाही. झिबेकवहिनी पावाचं ताट घेऊन आल्या, म्हणाल्या, दारातून तसंच जाऊ नये, तुकडा मोडा. मी मोडला. हे त्या मीटर वाचणाऱ्यालाही देतात.
मी विचारलं, पोरी कशा आहेत? दुसरं काही सुचलं नाही.
एर्मेक म्हणाला, बऱ्या आहेत. झोपवताना आता नुसतं झोपा म्हणतो. पुढचं म्हटलं की त्या हसतात आणि बॉयलरचं गाणं म्हणायला लागतात.
मग त्याने मशीनची वायर गुंडाळली आणि हळूच दार लावलं, आदळलं नाही.
आज आणखी काही लिहीत नाही.