ओळीच्या अर्ध्यावर

बाबा, रविवारी नेपरव्हिलला आमच्या घरी बुद्धवंदना आहे आणि ती घेणारे काका त्यांच्या लेकीकडे ट्रॉय गावी गेलेत. सगळे मला म्हणतात, या वेळी तुम्हीच घ्या. मी अजून हो म्हटलेलं नाही. एरवी मी फक्त स्पीकर लावतो.

मागच्या आठवड्यात एका ख्रिस्ती मठात माइक बसवायला गेलो होतो. बाहेर नुसतं बर्फ. आत दहा-बारा साधू मध्ययुगातली लॅटिन स्तोत्रं म्हणत होते. वाद्य नाही, ठेका नाही, सगळ्यांचा मिळून एकच सूर. रंगीत काचांतून निळसर ऊन फरशीवर सरकत होतं, पाण्याखाली बसल्यासारखं वाटत होतं. पण माझे कान तुम्हाला माहीत आहेत. प्रत्येक ओळ अर्ध्यावर तुटायची, क्षणभर काहीच नाही, मग पुढे. म्हटलं, माइक आवाज खातोय. दोनदा वायर बदलली. शेवटी एक म्हातारे साधू हसत जवळ आले. "ते बिघडलेलं नाही. आम्हीच थांबतो. सगळे पोचले की पुढे जातो." मी पडलो धंदेवाला. म्हटलं, मोठे स्पीकर लावू, मागच्यांना छान ऐकू येईल. ते म्हणाले, "हे ऐकवण्यासाठी नाहीच. हीच आमची प्रार्थना. प्रवचन ऐकू आलं तरी पुरे."

मोठी ऑर्डर गेली ती गेलीच, पण मी तिथंच बसून राहिलो. आणि बघतो तर मी आपल्या नागपूरच्या विहारात आहे. नुकताच फुटलेला माझा आवाज सगळ्यांच्या वर चढतोय आणि तुम्ही वंदना थांबवता. "काऊन रे, वंदना म्हणून राहिला का मैफल करून राहिला? बाजूच्या मावशीला ऐक आधी." सगळे हसतात. त्यानंतर मी चारचौघांत तोंड उघडलं नाही. दुसऱ्यांचे आवाज मोठे करून घर उभं केलं, आपला मिटून ठेवला. तुम्ही मला गप्प केलंत, असंच धरून चाललो. तुम्ही तर नुसतं थांबायला सांगत होतात.

माझी लेक म्हणते, "डॅड, जस्ट प्ले द रेकॉर्डिंग. कोणाला कळणार नाही." हे लिहिता लिहिता आत्ताच काकांना फोन करून सांगितलं, मी घेतो.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहितो. तुम्ही गेलात त्या दिवशी सगळे म्हणाले, वंदना मुलानं म्हणावी. घसा बसलाय सांगून मी टेप लावली. घसा ठीक होता, बाबा. मी अजून रुसलेलो होतो.