पेट्रोल खरं होतं

मी, ज्योतीराम धोंडीबा तांबारे, वय वर्षे बासष्ट, धंदा मोटारगाड्यांच्या इंजिनांचे ट्यूनिंग, राहणार दापोडी, आज पूर्ण शुद्धीत आहे. कोणाच्या धाकाने किंवा भरीस पडून नव्हे, तर आपणहून हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझ्या हृदयाच्या दोन रक्तवाहिन्यांत स्टेंट बसवलेले आहेत आणि तिसरी तुंबली आहे. येत्या पंचवीस तारखेला राजगुरुनगरच्या कोर्टात मला शिक्षा सुनावली जाईल. गुन्हा मी कबूल केला आहे. तुरुंगातून चालत परत येईन याची खात्री नाही, म्हणून ही तजवीज. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात अर्धी शेड धाकटा भाऊ समाधान याला दिली होती. ते या लेखाने रद्द समजावे. कारण पुढे येईल.

कलम पहिले : घर. दापोडीचे दोन खोल्यांचे राहते घर पत्नी मंजुळाबाई हिला द्यावे, कोणाच्याही हिश्श्याशिवाय. हे घर माझे वडील धोंडीबा यांनी घेतले. ते कळंब तालुक्यातून आले आणि पिंपरीच्या एका कारखान्यात ओतकामाला लागले. घरी आले की मशीनच्या जुन्या पट्ट्याने आम्हा दोघा भावांना मारायचे. आईलाही. चौदाव्या वर्षी मी तो पट्टा त्यांच्या हातातून हिसकावला आणि त्यांनाच मारला. ते मोरीत पडले. त्या दिवसापासून मला घरात कोणी हात लावला नाही. मारले की प्रश्न सुटतो, हे मी त्या मोरीपाशी शिकलो आणि पुढे कोणी ते मला विसरायला लावले नाही.

कलम दुसरे : बँकेतील ठेव. तीही मंजुळाबाईची. तिने आधी गुडघ्यांचे ऑपरेशन करून घ्यावे. माझ्या खटल्याच्या वकिलाला त्यातून काही देऊ नये. त्याला सगळे पोहोचलेले आहे.

कलम तिसरे : हत्यारे. शेडमधील पाने, जॅक, कॉम्प्रेसर आणि ट्यूनिंगचा लॅपटॉप मुलगी स्वरूपा हिला द्यावा. तिला नको असल्यास ज्याला विकावेसे वाटेल त्याला तिने विकावे. या हत्यारांवर माझे शिक्षण लिहिलेले आहे. चाकणच्या एका कंपनीत मी एकोणीस वर्षे इंजिनांच्या चाचणी विभागात होतो. काचेपलीकडे इंजिन तापून लाल होईपर्यंत पळवायचे आणि ते कुठे टकटक करू लागते ते ऐकायचे, हे माझे काम. इंजिन मरायला लागले की मला इतरांच्या आधी कळायचे. सुपरवायझरने एकदा माझे ऐकले नाही, इंजिन फुटले आणि दोष माझ्यावर आला. मी त्याचे डोके टेबलावर आपटले. नोकरी गेली. मग कुरुळी फाट्याजवळ शेड टाकली.

हत्यारांच्या यादीत चाक खोलायचा मोठा पाना नाही. तो कोणी शोधू नये. त्या घटनेच्या रात्री मोशीच्या पुलावरून मी तो इंद्रायणीत टाकला. पोलिसांना सापडला नाही, कारण मी सांगितले नाही. आता कोर्टाला सांगितले आहे.

कलम चौथे : पेट्रोल. हे कलम माझ्या गिऱ्हाइकांसाठी आहे. वीस वर्षे प्रत्येकाने एकच विचारले, ‘राव, ते महागाचं पेट्रोल टाकू का?’ एकदाचे उत्तर लिहून ठेवतो. ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाब आणि उष्णता किती सोसून ते वेळेआधी पेटत नाही, एवढेच तो आकडा सांगतो. ऑफिसला जायच्या साध्या गाडीत शंभर ऑक्टेन टाकणे म्हणजे बैलाला बदाम घालणे. बैल तेवढेच ओढणार. टर्बो असलेल्या, जास्त दाबाच्या इंजिनाला टाकीच्या झाकणावर जे लिहिले असेल ते द्यावे. त्यात कंजुषी केली तर गाडी आपली ताकद आपणच कमी करून घेते. ज्या गाडीचे ट्यूनिंग मी वर नेले, तिला मात्र कायम उंचच पेट्रोल द्यावे, नाहीतर पिस्टन फुटेल. आणि शेवटचे, जे मी कोणाला कधी सांगितले नाही : ट्यूनिंग करणाऱ्याचीच चूक असेल तर जगातले कुठलेही पेट्रोल इंजिन वाचवत नाही.

कलम पाचवे : काळी गाडी. शेडमागे ताडपत्रीखाली असलेली काळी गाडी भंगारात द्यावी. इंजिनाचे तुकडे कोणी आठवण म्हणून ठेवू नयेत. ही गाडी मी चार वर्षे बांधली. ज्या रविवारी तिचे इंजिन फुटले, त्याच्या पुढच्या रविवारी ती एका खासगी धावपट्टीवर पळणार होती, आणि माझ्याकडे गाड्या करून घेणारी सगळी पोरे बघायला येणार होती. इंजिनावर टकटक ओळखणारा एक सेन्सर असतो. पेट्रोल वेळेआधी पेटू लागले की तो ठिणगी थोडी उशिरा पाडतो. ताकद कमी होते पण इंजिन जगते. तो माझी ताकद खात होता. मी तो लॅपटॉपवरून बंद केला आणि ठिणगी आणखी लवकर पडेल असे केले. माझे कान आहेत की, असे म्हणालो.

७ फेब्रुवारी २०२१, रविवार, सकाळी सात. मी आणि समाधान चाकण-शिक्रापूर रस्त्यावरच्या पंपावर गेलो. तिथे विलास सोपानराव कोळेकर हा पेट्रोल भरत असे. तेव्हा तो चौतीस वर्षांचा. त्याने विचारले, “काका, शंभर टाकू? साध्या गाडीला काही फायदा नाही बरं का.”

“ही साधी नाही,” मी म्हणालो.

टाकी भरली. तीन किलोमीटर गेल्यावर मी गाडी दाबली. टकटक ऐकू आली आणि मी पाय काढायच्या आत आतून कोणीतरी घण घातल्यासारखा आवाज झाला. धूर, तेल, सगळे संपले. समाधान म्हणाला, “दादा, त्यानं साधं भरलं.” मला तेच ऐकायचे होते. डिकीतून पाना काढला आणि तो मांडीवर घेऊन आम्ही रिक्षाने पंपावर परत गेलो. वाटेत ट्रॅफिक होते, वीस मिनिटे लागली. राग उतरायला तेवढी पुरतात. माझा चढत गेला.

विलास म्हणाला, “काका, नॉझल शंभरचाच होता, पावती बघा. थांबा, मी डेन्सिटी मोजून दाखवतो.” तो पळत जाऊन काचेची बरणी आणि मोजायचा काटा घेऊन आला. नॉझलमधून बरणीत पेट्रोल काढले. खाली वाकून काटा वाचत होता, तेव्हा मी पहिला घाव घातला, बरणी धरलेल्या हातावर. बरणी फुटली, पेट्रोल दोघांच्या अंगावर उडाले. तो “काका” म्हणत वळला आणि दुसरा घाव डाव्या गालावर, डोळ्याखाली बसला. हाड मोडल्याचे मला पान्यातून हातात कळले. तो पडला. तिसरा घाव मी तो पडल्यावर घातला. त्याने तेव्हा हातही वर केला नव्हता. जमिनीवर रक्त आणि पेट्रोल एक झाले होते आणि कोणीतरी ओरडत होते, “मशीन बंद करा, मशीन बंद करा.”

पोलीस यायच्या आधी समाधानने बरणीची काच माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “दंडावर ओढ. त्यानं आधी मारलं असं सांगू.” मी ओढली आणि पाना पंपामागच्या झुडपात लपवला. विलासने साधे पेट्रोल भरून शंभरचे पैसे घेतले, जाब विचारल्यावर रॉड घेऊन धावला, अशी उलट फिर्याद मी दिली आणि समाधान तिचा साक्षीदार झाला. त्या कोपऱ्यात कॅमेरा नव्हता. विलासचा डावा डोळा गेला, जबडा तारेने बांधला. नोकरी तर पहिल्याच आठवड्यात गेली.

कलम सहावे : शेड. कुरुळीची शेड, जागेसह, मुलगी स्वरूपा हिला द्यावी. ती चाकणला इंजिनांच्याच प्रयोगशाळेत आहे. माझ्यापेक्षा चांगली आहे, हे मी तिला कधी म्हटले नाही. त्या घटनेनंतर तीन आठवड्यांनी तिने गाडीच्या टाकीतले पेट्रोल तपासून आणले. कागद जेवणाच्या ताटाशेजारी ठेवला. “बाबा, पेट्रोल शंभरच होतं. सेन्सर तुम्ही बंद केलाय. लॅपटॉपमध्ये तारीख आहे.”

मी तिला मारले. उघड्या हाताने, पण पूर्ण ताकदीने. तिच्या उजव्या कानाचा पडदा फाटला. ती उठली, आईला नमस्कार केला आणि गेली. आता वाकडला राहते. मंजुळाबाई दर गुरुवारी तिच्याकडे जाते. मी इमारतीच्या फाटकापर्यंत सोडतो आणि बाहेर थांबतो. या मृत्युपत्राने मी तिच्याकडे माफी मागत नाही. मागितली तर तिला काहीतरी उत्तर द्यावे लागेल, आणि तेवढेही तिच्यावर लादायचा मला हक्क नाही.

ही शेड मला विलासला द्यायची होती. का देत नाही ते नोंदवतो. गेल्या जून महिन्यात दोन्ही खटले आपसात मिटवायचे म्हणून माझ्या वकिलाने सगळ्यांना बोलावले. समाधानने आकडा सांगितला. विलास बायकोला, अंजलीला, घेऊन आला होता. तो म्हणाला, “पैसे नकोत. काकांनी कोर्टात एवढंच म्हणावं, पेट्रोल खरं होतं.”

समाधान हसला. “बस, एवढंच?”

अंजली म्हणाली, “एवढंच. चार पंपांनी यांना परत पाठवलं. डोळ्यासाठी नाही. भेसळवाला ना तू, म्हणून. चार वर्षं हे गोदामात पोती उतरवतात. डोळा गेला ते आम्ही सोसलं. हे नाही सोसत.”

मी सही न करता उठलो. मी कोर्टात बोलणार, हे समाधानने ओळखले.

४ ऑगस्टला मी कोर्टात उभा राहिलो आणि सगळे सांगितले. पेट्रोल, सेन्सर, काच, पाना, तिसरा घाव. जज्जसाहेबांनी विचारले, परिणाम समजतात का? मी हो म्हणालो. मोठ्याने बोला, असे म्हणून त्यांनी मला पुन्हा सांगायला लावले. दुसऱ्यांदा जास्त जड गेले. विलास रडला नाही, माझ्याकडे बघितलेही नाही. त्याने कारकुनाला विचारले, या जबाबाची शिक्क्याची नक्कल कुठे मिळते?

बाहेर व्हरांड्यात मी त्याला शेडचे बोललो. तो म्हणाला, “काका, शेड देऊ नका. तुम्ही दिली की लोक म्हणतील, घेतलं आणि मिटवलं. मग तुमचा जबाबही विकत घेतलेला ठरेल. मला तो तसाच स्वच्छ पाहिजे.”

म्हणून या मृत्युपत्राने विलास सोपानराव कोळेकर याला किंवा अंजलीला काहीही दिलेले नाही. हा विसर नव्हे. कोर्टाने भरपाई ठरवली तर ती आधी, बाकी सगळ्यांच्या आधी, ठेवीतून भरावी. ती दंड आहे, देणगी नाही.

कलम सातवे : भाऊ समाधान. त्याला काही नाही. जूनच्या त्या बैठकीनंतर तो भर दुपारी शेडवर आला. “तू बोललास तर मी पण आत जाईन, कळतंय का तुला?” म्हणाला. मी म्हणालो, कळतंय. त्याने सायलेन्सरचा पाइप उचलून माझ्या बरगड्यांवर मारला, दोनदा. मी खाली बसलो. शेजारी जॅकचा दांडा होता. तो मी उचलला आणि तसाच खाली ठेवला, असे लिहायला मला आवडले असते. मी मारला. त्याचे गळ्याजवळचे हाड मोडले. लहानपणी आई त्याला माझ्या मांडीवर ठेवायची, असे घरचे सांगत असत. तो माझा भाऊ त्या तेलकट जमिनीवर ओरडत होता आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता गप्प बसेल. दवाखान्यात मीच नेले. त्याची बायको कस्तुरा हिने दारातच मला सांगितले, “तुम्ही दोघं एकमेकांना मारून टाका एकदाचे. आम्ही मोकळ्या होऊ.” शेडमध्ये नाही, पण दापोडीच्या घरात कस्तुराला कधीही येऊन राहायचा हक्क राहील. मंजुळाबाईला हे मान्य आहे. समाधानला तो हक्क नाही.

कलम आठवे : व्यवस्थापक आणि अंत्यविधी. या मृत्युपत्राची अंमलबजावणी स्वरूपाने करावी. तिला विचारलेले नाही. तिने नकार दिल्यास मंजुळाबाईने करावी. मी तुरुंगात मेलो तर प्रेत दापोडीला आणावे, शेडवर नेऊ नये.

तेराव्याला लोक जमतील. माझ्याविषयी ‘तापट होता, पण मनाने चांगला होता’ असे कोणी म्हणू लागल्यास मंजुळाबाईने त्याला तिथेच थांबवावे. सुपरवायझरचे डोके फोडले तेव्हा हे वाक्य मला वाचवायला आले. मुलीचा कान फाडला तेव्हाही शेजाऱ्यांनी हेच म्हटले. त्या वाक्याच्या आडोशाने मी आयुष्यभर मारत आलो.

हे कलम लिहून झाल्यावर मी मंजुळाबाईला वाचून दाखवले. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “थांबवीन की. मी स्वतः तर कधी म्हटलंच नाही.”

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला आणि एकही शब्द खोडण्याजोगा वाटला नाही, म्हणून खाली सही करतो.

सही : ज्योतीराम धोंडीबा तांबारे
ठिकाण : दापोडी
तारीख : १७ ऑगस्ट २०२५

ज्योतीराम तांबारे यांनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली. सही करताना ते शुद्धीत होते आणि हात स्थिर होता. आम्हा दोघांनाही या मृत्युपत्राने काही मिळत नाही.

साक्षीदार १ : डॉ. मिनल रणपिसे, दापोडी (तब्येत तपासली, दाखला सोबत जोडला आहे)
साक्षीदार २ : बुद्धरत्न साळवे, शेजारी, दापोडी