दोघी एस. काव्या

३ जून
शाळा सुरू. चौथी-पाचवीचा एकत्र ऑनर्स वर्ग, म्हणजे परीक्षा घेऊन निवडलेल्या मुलांचा, यंदाही माझ्याच गळ्यात. चौथीची बारा, पाचवीची दहा, खोली एक, फळा एक. मधोमध खडूची रेघ मारली. डावीकडं चौथी, उजवीकडं पाचवी. पाचवीची दहा जणं जुनी, त्यांना रेघेचं कौतुक नाही. नवी बारा जणं मात्र रेघेपलीकडं बघायचं की नाही या विचारात.
नव्यांत एस. काव्या पहिल्या बाकावर. एन्नोरहून येते, चेन्नईच्या पार उत्तर टोकाहून, आईबरोबर, दोन गाड्या बदलून. मार्चमधल्या मुलाखतीत हीच सगळ्यांत आवडली होती. घराजवळून कोळशाची मालगाडी जाते, तिचे डबे मोजते म्हणाली. मोजणी चुकली तर? "उद्या परत मोजीन, मिस." लेखी परीक्षेत पन्नासात सेहेचाळीस, वर असं बोलणं. मी लगेच नावापुढं खूण केली होती.

२० जून
काव्याला भागाकार येत नाही. म्हणजे हातचा राहिला वगैरे नाही, मुळातच येत नाही. सेहेचाळीसवाली मुलगी! घाबरत असेल. नवी खोली, मोठी मुलं. गि.ला सांगितलं तर म्हणाला, "तूच घाबरवत असशील." नवऱ्याला मी घरी कशी दिसते ते कळलं.

८ जुलै
मार्चचे पेपर कपाटात लावत होते. सेहेचाळीसचा पेपर हाती आला. एस. काव्या, तिसरी क.
माझी काव्या तिसरी अ मध्ये होती.
तिसरीच्या दोन्ही हजेऱ्या मागवल्या. दोन एस. काव्या. अ मधलीचे वडील सेल्वम, क मधलीचे सुंदर राव. माझ्या काव्याचा पेपरही सापडला, गठ्ठ्याच्या तळाशी. सत्तावीस.
म्हणजे गुण एकीचे, मुलाखत दुसरीची. मुलाखतीच्या दिवशी मी आयाला "एस. काव्याला आण" एवढंच म्हटलं. तिनं ओळखीची आणली. दुसरीला कोणी बोलावलंच नाही.
इथं आडनाव नसतं, वडलांच्या नावाचं पहिलं अक्षर पुढं लावतात, हे शेंबड्या पोराला माहीत. बारा वर्षं राहते मी चेन्नईत. शाळेच्या हजेरीत मी स्वतः जी. वसुधा आहे, गिरीशवरून. पण डोकं अजून सांगलीतच. एस. म्हणजे एक घर, एक मुलगी.


९ जुलै
गि. म्हणतो, सांगून टाक. सोपं आहे त्याचं. गिंडीच्या कारखान्यात नट चुकला की काढून दुसरा बसवतात.
सांगितलं की हिला काढतील. महिनाभर बसवून, नवी वही घेऊन, दप्तरावर ऑनर्सचा बिल्ला लावून. नाही सांगितलं तर तिकडं दुसरी बाहेरच.
आज नाही सांगितलं.

२५ जुलै
दुसरीला बघितलं. आता चौथी क मध्ये, बेचाळीस मुलांत. ग्रंथालयाच्या तासाला मुद्दाम गेले. बारीक, चष्मा, दोन वेण्या. तिच्या बाई हेमा मिस म्हणाल्या, "लवकर आटपते आणि बडबडते. म्हणून मी तिला वह्या वाटायला लावते." त्या हसल्या, मीही हसले. हसायला नको होतं.

१४ ऑगस्ट
एक गंमत. गंमत नाही, पण काय म्हणू?
या वर्गातली मुलं "कळलं नाही" असं कधी म्हणत नाहीत. हुशार म्हणून निवडलेली ना. चेहरा कळल्यासारखा ठेवतात आणि घरी जाऊन आईला छळतात. आज अपूर्णांक शिकवत होते. काव्यानं हात वर केला. "मिस, पुरियल." कळलं नाही, सरळ. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा हात. "पुरियल." तिसऱ्यांदा इडलीचे तुकडे काढून सांगितलं तेव्हा मान हलली. मग मागून हळूच आणखी तीन हात वर आले, त्यातला एक पाचवीचा.
चार वर्षं हा वर्ग शिकवते आहे. त्या तिघांना कळलेलं नाही हे मला कळलं नव्हतं.

२२ सप्टेंबर
तिमाहीचा निकाल. काव्या बारांत बारावी. तिची आई न्यायला आली होती. एग्मोर स्टेशनजवळच्या हॉटेलात चादरी-टॉवेलांच्या धुलाईखात्यात काम करते, हात कायम ओलसर. प्रगतिपुस्तक बघून म्हणाली, "इथं बारावी म्हणजे चांगलंच ना, मिस?" मी हो म्हटलं.
प्रिन्सिपॉल मॅडमच्या दारापर्यंत गेले होते आज. आत कोणी पालक होते. बरं वाटलं, याची लाज वाटली.

३ ऑक्टोबर
फाटकाशी एक आजी भेटल्या. मी फोनवर गि.शी बोलत होते ते ऐकून थांबल्या. "तुम्ही मराठी की?" तंजावरकडच्या. त्यांची मराठी जुनी आणि तमिळच्या चालीवर. मी खुळ्यासारखी खूश. या शाळेत मराठीत बोलायला कोण मिळतं! नवरात्रात बाहुल्या मांडतात त्या गोलूला घरी या म्हणाल्या. हो म्हटलं. मग त्यांनी हाक मारली, "काव्या, चल." चष्मा, दोन वेण्या.


७ ऑक्टोबर
गेले. न जाणं आणखी वाईट दिसलं असतं. सात पायऱ्यांचा गोलू, बाहुल्या चारपाच पिढ्यांच्या. हरभऱ्याचं सुंडल छान होतं, खोबरं भरपूर. काव्यानं एकेक बाहुली कोणाची कोण ते सांगितलं, अखंड बडबड. गणिताचं विचारलं तर उठून आत गेली.
आजी म्हणाल्या, "तुमच्या वर्गाची परीक्षा दिली होती की तिनं. बरी गेली म्हणून सांगितलं. मग नाव आलं नहीं. तेव्हापासून गणित होणा म्हणते. मला वाटतं अस्की बरोबर, अन् असतं अस्की चूक, असं म्हणते." अस्की म्हणजे सगळं. होणा म्हणजे नको. मला विचारावं लागलं नाही.
ओटीत नारळ, ब्लाउजपीस, विड्याची पानं. बसमध्ये ते सगळं मांडीवर घेऊन बसले. त्या मुलीनं पेपर बरोबर सोडवला होता, आणि आता तिला स्वतःच्या बरोबरचाही भरवसा राहिला नाही. हे मी केलं. दुसऱ्या कोणी नाही.

१८ नोव्हेंबर
पावसामुळं शाळेला दोन दिवस सुट्टी. तरी प्रि.ना फोन करता आला असता.
का करत नाही ते लिहूनच टाकते. एक, भित्री आहे. दोन, लोक म्हणतील मराठी बाईनं मराठी मुलीला आत घेतलं, एन्नोरची बाहेर काढली. तीन, मला माझी काव्या द्यायची नाही. तिसरं खरं कारण.

२० डिसेंबर
सहामाही. काव्या नववी. भागाकार बसला. रेघेपलीकडचं ऐकत असते, पाचवीचं. काल पाचवीच्या अरविंदला म्हणाली, "तुला कळलं नसेल तर हात वर कर, मिस रागावत नाहीत." तो इतका लाल झाला.

१९ जानेवारी
पोंगलची सुट्टी संपली. पहिल्या तासाआधी प्रि.कडं गेले आणि सगळं सांगितलं. दोन्ही पेपर समोर ठेवले.
त्यांनी चष्मा पुसला. रागावल्या नाहीत, तेच जड गेलं. "जुलैत कळलं आणि जानेवारीत सांगताय?" मग म्हणाल्या, "चौथीच्या बाराच जागा. तेरावी घेतली तर उद्या चाळीस पालक दारात. याच मुलांची पुढच्या वर्षाची, पाचवीची यादी एप्रिलमध्ये तुम्हीच करणार. तेव्हा अदलाबदल करा, कोणाला कळणार नाही. नाहीतर विसरून जा."
अदलाबदल. गि.च्या कारखान्यासारखंच.

३१ जानेवारी
आजींना भेटायला बोलावलं, ग्रंथालयात, काव्यासकट. मराठीत सांगायचं ठरवलं होतं, पण काव्याला तमिळ जास्त कळतं म्हणून तमिळमध्ये सांगितलं. माझ्या तुटक्या तमिळमध्ये चूक आणखी मोठी वाटत होती. पेपर तिच्या पुढ्यात ठेवला.
आजी मराठीत म्हणाल्या, "वरीस गेलं की पोरीचं, बाई." त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, पण माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत.
काव्या पेपरवर ओणवी. एकेक पान उलटत होती. शेवटी म्हणाली, "मिस, हे चार गुण कशाचे गेले?" शेवटचं उदाहरण होतं. तिनं माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि तिथंच, समासात, सोडवायला बसली.
तास संपल्याची घंटा झाली तरी आम्ही दोघी मोठ्या उठलो नाही.

१८ फेब्रुवारी
मंगळवारी आणि गुरुवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास क मधल्या काव्याला शिकवते. हेमा मिसची हरकत नाही. पण यानं फिटत नाही. ती विचारते, "मी तुमच्या वर्गात येणार का?" मी माहीत नाही म्हणते. तेवढं तरी खरं बोलते.

२७ मार्च
वार्षिक. माझी काव्या बारांत सातवी.
आज तिच्या आईला सांगितलं. एकीला सांगायचं आणि दुसरीला झाकून ठेवायचं हे मला जमेना. मुलं गेल्यावर रिकाम्या वर्गात. तिचा सत्तावीसचा पेपरही दाखवला. आईनं तो हातात घेतला नाही, ओला होईल म्हणून असेल. नुसता बघितला.
"आता ती कितवी आली म्हणालात?"
"सातवी."
"हिच्यापेक्षा कमी गुणांची पाच मुलं आहेत, त्यांना चुकून घेतलं नव्हतं?"
"नाही."
"मग हिची चूक कुठं आहे, मिस?"
मी म्हटलं, तिची नाही, माझी आहे. त्या म्हणाल्या, "तर मग तिला काही सांगू नका." पदराला हात पुसले आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाल्या.

११ एप्रिल
यादी उद्या द्यायची. प्रि.ना काल पुन्हा विचारलं. "बारा," म्हणाल्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, "एका बाजूला बाराच बाकं."
तेरा नावं लिहिली. प्रत्येकापुढं वडलांचं नाव पूर्ण. सेल्वम यांची काव्या. सुंदर राव यांची काव्या. खाली जुलैपासूनचं सगळं, तारखांसह, माझ्या सहीनं. वाचून गि. म्हणाला, "तुलाच काढतील." काढतील कदाचित. त्याला भाजी चिरायला बसवलं.
प्रि. एक नाव खोडतील हे दिसतंच आहे. मी खोडलेलं नाही. कोणतं खोडायचं ते विचारलं तर सांगणारही नाही, असं आत्ता तरी ठरवलं आहे. सकाळी नऊला जायचं आहे.